टीव्हीवरची इमर्जन्सी कितपत खरी असते? रुग्णांच्या नातेवाइकांसाठी

“मॉनिटरवरची रेष सरळ झालीय, मग तुम्ही शॉक का देत नाही?”

कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक डॉक्टरने हा प्रश्न कधी ना कधी ऐकलेला असतो. विचारणारा रुग्णाचा मुलगा असतो, भाऊ असतो, कधी जावई असतो. आवाजात राग असतो आणि रागामागे भीती. समोर वडिलांच्या छातीवर दोन जण आळीपाळीने दाब देत आहेत, नर्स इंजेक्शन भरते आहे. पण त्याने आजवर पडद्यावर शेकडो वेळा पाहिलेली गोष्ट मात्र घडत नाही. त्यामुळे त्याला वाटते की डॉक्टर काहीतरी करायचे राहून जात आहेत.

हा गैरसमज दूर करायला त्या क्षणी कुणालाच वेळ नसतो. म्हणून तो आज, शांतपणे दूर करू या. निमित्तही चांगले आहे. ‘द पिट’ या अमेरिकी मालिकेला सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. पिट्सबर्गमधल्या एका काल्पनिक रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागातली पंधरा तासांची एकच ड्यूटी तिच्या पहिल्या सीझनमध्ये पंधरा भागांत दाखवली आहे, म्हणजे एक भाग साधारण एका तासाचा. पार्श्वसंगीत जवळपास नाही. लेखकांमध्ये इमर्जन्सी विभागात काम केलेले डॉक्टर आहेत. ‘आमचे काम असेच असते’ अशी दाद अनेक डॉक्टरांनी तिला दिली. भारतातही ती ओटीटीवर पाहिली जाते.

मग प्रश्न असा की, पडद्यावरचे काय खरे मानायचे आणि काय नाही? हा प्रश्न करमणुकीपुरता नाही. घरात कोणी अचानक कोसळले, तर पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही काय कराल, आयसीयूच्या दारात कोणत्या कागदावर सही कराल आणि डॉक्टरांवर कितपत विश्वास ठेवाल, यावर मालिका-चित्रपटांचा परिणाम होतो.

सरळ रेषेला शॉक का देत नाहीत?

हृदयाचे काम विजेच्या लहानशा प्रवाहावर चालते. हा प्रवाह ठरलेल्या क्रमाने पसरतो आणि स्नायू आकुंचन पावतो. काही वेळा हा क्रम पूर्ण बिघडतो. हृदयाचा प्रत्येक भाग आपापल्या मनाने थरथरू लागतो आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. मॉनिटरवर तेव्हा सरळ रेष दिसत नाही, वेडीवाकडी, अनियमित रेघ दिसते. शॉक उपयोगी पडतो तो इथे. शॉक सगळी गोंधळलेली हालचाल एका क्षणात थांबवतो आणि हृदयाला आपला मूळ ताल परत पकडण्याची संधी देतो.

म्हणजे शॉक हृदय ‘सुरू’ करत नाही, तो गोंधळ थांबवतो. रेष सरळ असते तेव्हा थांबवण्यासारखे काहीच उरलेले नसते. अशा वेळी शॉकचा उपयोग नाही, उलट छातीवरचा दाब तेवढा वेळ थांबतो हा तोटाच. तेव्हा सतत दाब देणे, श्वास देणे, ॲड्रेनालिनचे इंजेक्शन देणे आणि हृदय बंद पडण्याचे कारण शोधणे, एवढेच योग्य उपचार असतात. डॉक्टर शॉक देत नाहीत, याचा अर्थ त्यांनी प्रयत्न सोडले असा होत नाही.

मालिकांमध्ये सरळ रेष वापरतात, कारण ती प्रेक्षकाला लगेच कळते. रेष सरळ झाली, लांब ‘टूं’ आवाज आला, की मृत्यू. रेष पुन्हा उसळली की जीव आला. दिग्दर्शकासाठी ही सोय आहे. वैद्यकीयदृष्ट्या मात्र ते उलटे आहे.

सीपीआर: आशा किती धरायची?

१९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी ‘ईआर’, ‘शिकागो होप’ आणि ‘रेस्क्यू ९११’ या तीन कार्यक्रमांचे ९७ भाग पाहिले. त्यात सीपीआरचे ६० प्रसंग होते. त्यांपैकी ७५ टक्के रुग्ण लगेच वाचलेले दाखवले होते आणि ६७ टक्के रुग्ण बरे होऊन घरी गेल्यासारखे दिसत होते. शिवाय हृदय बंद पडलेल्यांपैकी बहुतेक मुले किंवा तरुण होते आणि कारण बहुधा अपघात, गोळी किंवा बुडणे असे होते. प्रत्यक्षात हृदय बंद पडणारी माणसे बहुतेक वयस्कर असतात आणि कारण बहुधा हृदयविकार असतो.

खरे आकडे बरेच कमी आहेत. अमेरिकेसारख्या देशात, जिथे रुग्णवाहिका लवकर पोचते आणि अनेकांना सीपीआर येतो, तिथेही रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या दहा जणांपैकी साधारण एकच जण घरी परततो. रुग्णालयात असताना हृदय बंद पडले तरी साधारण चार-पाच जणांतला एक वाचतो. ज्याला आधीपासून कर्करोग, मूत्रपिंडाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार आहे, त्याची शक्यता याहूनही कमी असते.

हे वाचून ‘मग सीपीआर करून उपयोग काय’ असे मनात आले, तर कृपया थांबा. आकडे इतके कमी असण्याचे एक मोठे कारण म्हणजे दाब सुरू व्हायला लागणारा उशीर. रक्तपुरवठा थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. सीपीआर आणि शॉक यांच्याविना जाणारे प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी कमी करते. पुण्या-मुंबईच्या वाहतुकीत किंवा तालुक्यापासून दूरच्या वाडीवर रुग्णवाहिका पाच मिनिटांत येईल असे कुणीच सांगू शकत नाही. ती पाच मिनिटे घरच्यांच्याच हातात असतात.

इथे पडदा आणखी एका बाबतीत दिशाभूल करतो. मालिकेतला सीपीआर हलका असतो, कोपरे वाकलेली असतात, छाती जेमतेम हलते. त्यामागे साधे कारण आहे: खाली झोपलेला नट जिवंत असतो. जिवंत माणसाच्या छातीवर खरा दाब दिला तर त्याला इजा होईल. तुम्ही मात्र ते पाहून शिकू नका. खरा दाब असा असतो:

• छातीच्या मधोमध, तळहाताची टाच ठेवून, दुसरा हात त्यावर.
• कोपरे सरळ, खांदे हातांच्या थेट वर.
• मोठ्या माणसाची छाती साधारण ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे.
• मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची.
• तोंडाने श्वास द्यायला जमत नसेल किंवा संकोच वाटत असेल, तर फक्त दाब देत राहा.

एखादी बरगडी मोडल्याचा आवाज येऊ शकतो. घाबरू नका, थांबू नका. बरगडी जुळते. दोन मिनिटांत तुम्ही दमाल. जवळ कोणी असेल तर आळीपाळीने करा.

आणखी एक फरक लक्षात असू द्या. हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा येतो; माणूस बहुधा शुद्धीवर असतो, बोलत असतो, घामाघूम झालेला असतो. त्याला सीपीआर देत नाहीत, त्याला लवकरात लवकर रुग्णालयात नेतात. सीपीआर द्यायचा तो माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नीट घेत नसेल तर. मधूनच मासळीसारखा आ वासून घेतलेला श्वास हा खरा श्वास नव्हे, तेव्हाही दाब सुरू करा.

मालिकेत मरतात जास्त, पण बरेही लवकर होतात

२०१८ मध्ये ‘ग्रेज अॅनाटॉमी’ या गाजलेल्या मालिकेची अशीच तपासणी झाली. संशोधकांनी मालिकेतल्या २९० जखमी रुग्णांची तुलना अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदणीतल्या ४,८१२ खऱ्या जखमी रुग्णांशी केली. निष्कर्ष पहिल्या नजरेत चकित करणारे होते. मालिकेत २२ टक्के रुग्ण दगावले, प्रत्यक्षात ७ टक्के. म्हणजे पडद्यावर मृत्यूचे प्रमाण तिप्पट!

पण पुढे पाहा. मालिकेत ७१ टक्के जखमी इमर्जन्सीतून थेट ऑपरेशन थिएटरमध्ये गेले, प्रत्यक्षात २५ टक्के. वाचलेल्यांपैकी पुढे दीर्घकाळ देखभाल देणाऱ्या केंद्रात जावे लागले असे मालिकेत ६ टक्के होते, प्रत्यक्षात २२ टक्के. आणि गंभीर जखमी असूनही आठवड्याच्या आत घरी गेलेले मालिकेत निम्मे होते, प्रत्यक्षात फक्त २० टक्के.

थोडक्यात, मालिकेत दोनच शेवट असतात: माणूस जातो, किंवा ठणठणीत होतो. आपल्या घरांत बहुतेकदा तिसरा शेवट येतो. माणूस वाचतो आणि मग सुरू होतात फिजिओथेरपीचे महिने, चालायला पुन्हा शिकणे, विसरभोळेपणा, झोप न लागणे, नोकरीचा प्रश्न, सांभाळणाऱ्याची ओढाताण. हा काळ पडद्यावर येत नाही, कारण त्यात नाट्य नाही. त्यामुळे अपघातानंतर तिसऱ्या आठवड्यात ‘अजून हे असे का?’ असा प्रश्न पडतो आणि दोष उपचारांना किंवा रुग्णाच्या इच्छाशक्तीला दिला जातो. बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. बरे होण्याची खरी गतीच ती असते.

व्हेंटिलेटरवरून काढलेला माणूस डोळे उघडून लगेच स्पष्ट बोलू लागतो, हेही असेच. घशात नळी असते तोवर बोलता येत नाही. नळी काढल्यावर आवाज काही दिवस घोगरा राहतो. अनेक रुग्ण, विशेषतः वयस्कर, आयसीयूत गोंधळतात. ओळखत नाहीत, भास होतात, शिव्याही देतात. याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे. बहुतेकांमध्ये ते हळूहळू ओसरते. चष्मा, कानाचे यंत्र, ओळखीचा आवाज यांची त्यात मदत होते.

बंदुकीची गोळी काढली की जखमी वाचला, हेही चित्रपटांनी शिकवलेले. खरा धोका गोळी शरीरात असल्याचा नसतो, तिने वाटेत काय फाडले याचा असतो. रक्तस्राव थांबवणे महत्त्वाचे. कित्येकदा डॉक्टर गोळी आत तशीच राहू देतात, कारण ती काढण्यात जास्त जोखीम असते.

‘दोन तास झाले, कुणी बघत नाही’

‘द पिट’मधली सर्वांत खरी जागा कोणती, असे विचारले तर मी शस्त्रक्रियेचे नाव घेणार नाही. मी वेटिंग रूमचे नाव घेईन. खचाखच भरलेली खोली, आत खाटा नाहीत, वॉर्डात जागा नाही म्हणून दाखल झालेले रुग्ण इमर्जन्सीतच पडून. त्या गर्दीत छातीत दुखते म्हणून आलेला एक माणूस तासन्‌तास थांबतो, चिडत जातो आणि शेवटी बाहेर हवा घेत उभ्या असलेल्या मुख्य नर्सला ठोसा मारतो.

त्या माणसाकडे दुर्लक्ष झालेले नव्हते. त्याचा ईसीजी झाला होता, रक्त घेतले होते, दुसऱ्या तपासणीची वाट पाहणे सुरू होते. ही दुसरी तपासणी का लागते, हे त्याला कुणी नीट समजावले असते तर? हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात वाढते. पण ते लगेच वाढत नाही, त्याला काही तास लागतात. म्हणून पहिली तपासणी नॉर्मल आली तरी काही वेळाने पुन्हा रक्त घेऊन फरक पाहतात. इथे थांबणे हा तपासणीचाच भाग आहे. ‘पहिला रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून वैतागून घरी निघून जाणे धोक्याचे ठरू शकते.

इमर्जन्सीत आधी आलेल्याला आधी, असा नियम नसतो. ज्याचा जीव सर्वांत जास्त धोक्यात, तो आधी. याला ट्रायाज म्हणतात. तुमच्यानंतर आलेला, शांत पडलेला माणूस आत नेला आणि कळवळणारा तुमचा भाऊ बाहेरच राहिला, तर तो वशिला असेलच असे नाही. ओरडणाऱ्या माणसाचा श्वास आणि मेंदू निदान चालू आहे, हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळते. गप्प पडलेल्याची काळजी डॉक्टरांना जास्त वाटते. मोठ्या दुर्घटनेत तर हे निर्णय काही सेकंदांत घ्यावे लागतात. ‘द पिट’च्या पहिल्या सीझनच्या शेवटी गोळीबारातले जखमी येतात, तेव्हा मनगटावर रंगीत पट्ट्या लावून त्यांची वाटणी केली जाते. २००८ मध्ये २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईतल्या जे.जे.सारख्या सरकारी रुग्णालयांनी हे प्रत्यक्ष अनुभवले. त्या रात्रीवर बेतलेली ‘मुंबई डायरीज २६/११’ ही हिंदी मालिका २०२१ मध्ये आली. त्यातले नाट्य वाढवलेले असले, तरी अपुरी साधने आणि दारात उसळलेले नातेवाईक, एवढे चित्र आपल्या सरकारी रुग्णालयांच्या जवळ जाणारे आहे.

याचा अर्थ तुम्ही गप्प बसावे असा मुळीच नाही. थांबलेले असताना दुखणे वाढले, घाम फुटला, श्वास लागला, बोलणे अडखळू लागले, माणूस गुंगीत जाऊ लागला, तर लगेच नर्सला सांगा. शब्द नेमके वापरा: “मघापेक्षा बदल झालाय.” हे वाक्य आरडाओरड्यापेक्षा जास्त काम करते, कारण ट्रायाज पुन्हा करायला ते भाग पाडते.

व्हेंटिलेटर म्हणजे पैसे उकळणे?

आपल्याकडे एका चित्रपटाने या विषयात जेवढे नुकसान केले, तेवढे कोणत्याही मालिकेने केले नसेल. २०१५ च्या ‘गब्बर इज बॅक’ मध्ये आधीच मेलेल्या माणसावर रुग्णालय उपचार केल्याचे नाटक करते आणि बिल लावते. हा प्रसंग टीव्हीवर आणि मोबाइलवर इतक्यांदा पाहिला गेला आहे की आयसीयूबाहेर त्याचा उल्लेख आजही होतो.

रुग्णालयांच्या बिलांबद्दल लोकांच्या तक्रारी आहेत आणि त्यांतल्या काही रास्तही आहेत. ते मी नाकारत नाही. पण शरीरशास्त्र समजून घ्या. हृदय थांबलेल्या मृत शरीराला व्हेंटिलेटर लावून तासन्‌तास ‘जिवंत’ दाखवता येत नाही. व्हेंटिलेटर फक्त फुप्फुसांत हवा ढकलतो. रक्ताभिसरण तो चालवत नाही. शरीर थंड पडते, ताठरते, त्वचेचा रंग बदलतो. हे लपत नाही.

गोंधळ होतो तो एका वेगळ्या, खऱ्या अवस्थेमुळे. तिला मस्तिष्क स्तंभ मृत्यू किंवा ब्रेन डेथ म्हणतात. मेंदूला झालेली इजा इतकी असते की तो कायमचा बंद पडतो, श्वास घेण्याची आज्ञाही देत नाही. पण हृदयाला स्वतःचा ताल असतो. यंत्राने प्राणवायू मिळत राहिला तर ते काही काळ चालते. छाती वर-खाली होते, अंग गरम असते, लघवी होते. आईला वाटते, पोर झोपलंय. ‘द पिट’मध्ये नशेच्या भेसळयुक्त गोळीमुळे असा झालेला एक विद्यार्थी आहे. त्याच्या आई-वडिलांना हे पटायला अनेक भाग जातात. त्यांना घाई केली जात नाही, तपासण्या पुन्हा दाखवल्या जातात आणि मग अवयवदानाचा विषय निघतो. हा भाग मला फार प्रामाणिक वाटला.

आपल्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आहे. त्यानुसार ब्रेन डेथ एकटा डॉक्टर जाहीर करू शकत नाही. चार डॉक्टरांचे मंडळ लागते, ठरलेल्या तपासण्या कमीत कमी सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. ब्रेन डेथ आणि कोमा एक नाही. कोमातला रुग्ण जिवंत असतो, काही जण सुधारतातही. मालिकांमध्ये वर्षानुवर्षे कोमात असलेली नायिका ओळखीचा आवाज ऐकून उठते, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ झाली आहे. डॉक्टर कोणता शब्द वापरत आहेत, हे स्पष्ट विचारा: “हा कोमा आहे की ब्रेन डेथ?” उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

आणि ज्या रुग्णाला न्यूमोनिया, विषबाधा, साप चावणे किंवा मेंदूज्वर आहे, त्याच्यासाठी व्हेंटिलेटर हा आजार उतरेपर्यंतचा टेकू असतो. नाग किंवा मण्यार चावल्यावर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. असा रुग्ण वेळेत व्हेंटिलेटर आणि प्रतिविष मिळाले तर पूर्ण बरा होऊ शकतो. ‘व्हेंटिलेटरवर गेला म्हणजे संपला’ या समजुतीपायी असा रुग्ण घरी नेला, तर तो ज्या आजारातून उठला असता त्यातच जातो. ही भीती काल्पनिक नाही.

‘सगळं करा, डॉक्टर’

याच्या उलट टोकाचा प्रसंगही त्या मालिकेत आहे. एका वयोवृद्ध, आजारी गृहस्थांनी आधीच लिहून ठेवलेले असते की नळी घालू नका. प्रकृती बिघडते तेव्हा मुलांना ते सोसत नाही. मुले आग्रह धरतात, नळी घातली जाते. नंतर त्यांना उमगते की आपण वडिलांचे नव्हे, आपले मन राखले. नळी काढली जाते आणि वडील मुलांच्या सोबतीत जातात.

आपल्या घरांत हा प्रसंग याहून अवघड असतो. बरेचदा वडिलांनी काही लिहिलेले नसते. एक मुलगा गावी सेवा करतो, दुसरा पुण्यात किंवा परदेशात. फोनवरचा मुलगा म्हणतो, “सगळं करा, पैशाचं मी बघतो.” ‘सगळं करा’ म्हणजे नेमके काय, हे तिथे कुणालाच ठाऊक नसते. ९० वर्षांच्या, अनेक आजार असलेल्या माणसाला सीपीआर म्हणजे मोडलेल्या बरगड्या, घशात नळी आणि बहुधा तरीही मृत्यू. टीव्हीवरचे ६७ टक्के डोळ्यांसमोर ठेवून घेतलेला निर्णय आणि खरे आकडे ऐकून घेतलेला निर्णय वेगळे असू शकतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे ज्याला आपण लिव्हिंग विल म्हणतो, ते कायदेशीर ठरवले. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित करता येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये सीपीआर न करण्याच्या निर्णयासाठी मार्गदर्शक तत्त्वेही दिली आहेत. हा निर्णय म्हणजे उपचार बंद करणे नव्हे. वेदनाशमन, ऑक्सिजन, प्रतिजैविके, स्वच्छता, सोबत हे सगळे चालूच राहते.

कागद न झाला तरी बोलणे होऊ शकते. आई-वडील बरे असतानाच, एखाद्या निवांत संध्याकाळी विचारा: “तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हाला काय हवं?” अशुभ बोलू नये म्हणून हा विषय टाळला, तर तो आयसीयूच्या दारात, रात्री दोन वाजता, भावाभावांच्या भांडणात निघतो.

फिट आली तर पडद्यावरचे करू नका

अमेरिकी रुग्णालयीन मालिकांमध्ये दाखवलेल्या फिटच्या प्रसंगांचा अभ्यास २०१० मध्ये मांडला गेला. जवळपास निम्म्या प्रसंगांत डॉक्टर-नर्सच चुकीचे प्रथमोपचार करताना दाखवले होते: रुग्णाला दाबून धरणे, तोंडात काहीतरी घालणे. आपल्याकडे त्यात कांदा आणि चप्पल हुंगवण्याची भर पडते.

योग्य कृती सोपी आहे. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, झटके ओसरू लागताच कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, कापड, पाणी काही घालू नका. जीभ गिळली जात नाही. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, पाठोपाठ दुसरी आली, रुग्ण गरोदर किंवा मधुमेही असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा पहिलीच फिट असेल, तर रुग्णालय गाठा.

आज काय करून ठेवाल?

१. १०८ आणि ११२ हे क्रमांक घरातल्या लहान मुलांनाही पाठ करून द्या. फोनवर पत्ता सांगताना जवळची खूण सांगा आणि एका माणसाला कोपऱ्यावर उभे करा.

२. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या औषधांची यादी, ॲलर्जी आणि जुने आजार एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा, फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कॅज्युअल्टीत हा कागद दहा मिनिटे वाचवतो.

३. कुटुंबातल्या किमान दोघांनी सीपीआरचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्या. हे पुतळ्यावर शिकायचे असते, मालिका पाहून नव्हे.

४. रस्त्यावर अपघात दिसला तर मदत करा. सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण आहे. स्वतःची ओळख सांगण्याचीही सक्ती नाही.

५. रुग्णालयात घरातला एकच माणूस डॉक्टरांशी बोलण्यासाठी ठरवा. रोज तीन प्रश्न विचारा: आजार नेमका काय आहे? कालपेक्षा काय बदलले? पुढच्या दोन दिवसांत काय झाले तर सुधारणा समजायची?

६. उत्तर कळले नाही तर ‘पुन्हा सोप्या शब्दांत सांगा’ असे म्हणा. तो तुमचा हक्क आहे. मात्र हात उगारू नका. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे, पण त्याहून साधी गोष्ट म्हणजे मारहाणीमुळे काम थांबते आणि शेजारच्या खाटेवरचा रुग्ण तेवढा वेळ वाऱ्यावर पडतो.

मालिका जरूर पाहा. ‘द पिट’सारखी मालिका इमर्जन्सीतली गर्दी, थकवा, अनिश्चितता बऱ्याच प्रामाणिकपणे दाखवते आणि त्यामुळे तिथल्या माणसांकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल. पण तिथे दर तासाला काहीतरी घडावे लागते. खऱ्या कॅज्युअल्टीत कित्येकदा काही न घडणे हीच चांगली बातमी असते: दुसरे ट्रोपोनिन नॉर्मल, रक्तदाब स्थिर, रात्रभर नुसते निरीक्षण. सकाळी डॉक्टर येऊन “घरी जा” म्हणाले आणि तुम्हाला वाटले की विशेष काही केलेच नाही, तर त्या रात्री सगळे बरोबर झाले असे समजा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष लक्षणे असतील तर वाचत न बसता जवळच्या रुग्णालयात जा.)